उद्याची काडी

आपण मेल्याची बातमी छत्रीकाकूंना कळली ती मंगळवारी सकाळी, वाटाणे सोलताना.

बेल वाजली म्हणून त्या गुडघ्यांना शिव्या देत उठल्या. दार उघडलं तर समोर भोंगाताई. जुन्या गल्लीतली, भिंतीला भिंत लागून राहिलेली शेजारीण. छत्रीच्या कारखान्याचा भोंगा बिघडला तर हिला गच्चीवर उभं करा, काम भागेल, असं अख्खी गल्ली म्हणायची, तेव्हापासून हे नाव तिला चिकटलेलं. आज मात्र बाईच्या तोंडातून आवाज फुटेना. डोळे सुजलेले, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. तिनं काकूंकडे पाहिलं आणि जिन्याचा कठडा धरून मटकन खालीच बसली.

"अगं बाई! तू?"

"मग कोण? लेक कामावर, सून कामावर. दार काय फर्निचर उघडणार?"

"तू... आहेस?"

"आहे म्हणजे? चष्मा कुठाय तुझा?"

भोंगाताईला आत आणून, पाणी पाजून, पाठीवर हात फिरवून झाल्यावर आवाज परत आला, आणि एकदा आला तो थेट चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. "अगं, मी तुझ्या लेकाचं सांत्वन करायला आलेय! शिवाय भांडायलाही आलेय, की आई गेली तर आम्हाला कळवायची रीत नाही का? रात्रभर रडले मी मेली. सगळं रडणं फुकट गेलं!"

"पण मी मेले असं तुला सांगितलं कुणी?"

"पाटीनं."

मग हळूहळू उलगडा झाला. भोंगाताई दोन वर्षांपूर्वीच गल्ली सोडून मुलीकडे राहायला गेली होती, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. रविवारी नणंद पाहुणी आली, तिला कुठं फिरवायचं, तर गावाचं नवं संग्रहालय आहे आणि रविवारी फुकट आहे म्हणून तिथं नेलं. "आणि तिथं तुझी खोली आहे. अख्खीच्या अख्खी. तुझी खाट, तुझा स्टोव्ह, ती कान तुटलेली बरणी. दारावर पाटी आहे, 'दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ, चिरंजीवांकडून सप्रेम भेट.' मी तिथंच बसले गं. नणंद म्हणाली, वहिनी, लोक बघतायत."

काकूंना आधी हसूच आलं. "वेडी आहेस का? माझी खोली तिकडं कशी असेल? ती गल्लीत आहे. दुरुस्ती चाललीये तिची."

यावर जिच्या तोंडात आजवर तीळ भिजला नाही, ती भोंगाताई चक्क गप्प बसली. "तू चल तर," एवढंच म्हणाली.

दुरुस्तीचं असं होतं. वर्षापूर्वी चिरंजीव आले, भिंतींवर टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "आई, ओल आलीये. दोन-तीन महिने माझ्याकडे चल, सगळं नीट करून घेतो." काकूंनी दोन पिशव्या भरल्या आणि निघाल्या. लेकाच्या फ्लॅटमध्ये मागची खोली मिळाली, कपडे धुवायच्या मशीनशेजारी, घडीच्या खाटेवर. मशीन फिरू लागलं की खाटही थरथरायची. काकू कुरकुरल्या नाहीत. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न! मग कधी सुतार पळाला, कधी वायरमन आजारी पडला, आणि प्लास्टर तर वाळायचं नावच घेईना. "प्लास्टर काय नदीत बसून करतायत का?" काकू विचारायच्या. एकदा बघून येऊ म्हटलं की, "धूळ आहे गं, तुला खोकला होईल." सामान कुठाय? "गोदामात, अगदी नीट." काकू मान डोलवायच्या. पोटचा पोर, त्याच्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कुणावर? आणि रोज झोपताना मनातल्या मनात त्या आपल्या खोलीत एक चक्कर मारून यायच्या. उजवीकडे स्टोव्ह, डावीकडे खाट, मधोमध छताच्या कडीला टांगलेली छत्री. दुसरं काही नको होतं त्यांना. आपल्या घरी जायचं होतं, बस.

ती छत्री टांगती ठेवूनच त्या आल्या होत्या. मुद्दाम.

कारखान्यातून काड्यांचे सांगाडे आणि बेतलेलं कापड घरोघरी वाटलं जायचं, आणि बायका घरी बसून कापड काड्यांना शिवायच्या. छत्री कडीला उलटी टांगायची, मूठ वर, आणि खाली बसून ती फिरवत एकेक काडी टाक्यानं बांधायची. आठ काड्या झाल्या की छत्री झाली. पण काकूंच्या सासूची एक सवय होती, आणि सासू कितीही खाष्ट असली तरी ती सवय काकूंनी उचलली. दिवसाची शेवटची छत्री पुरी करायची नाही. एक काडी उद्यासाठी ठेवायची. सकाळी उठल्याबरोबर हाताला काम हवं, नाहीतर मन नको तिकडं फिरतं, असं सासू म्हणायची. काकू बाळंतपणाला गेल्या तेव्हाही एक काडी ठेवून गेल्या होत्या, आणि नवऱ्यानं त्या छत्रीला कुणाला हात लावू दिला नव्हता. काडी बाकी आहे म्हणजे बाई परत येणार, असा त्या घरातला सरळ हिशोब. कारखाना बंद पडला, नवरा गेला, तरी काकू गल्लीतल्यांच्या छत्र्या शिवतच राहिल्या. शेवटची टांगलेली छत्री भोंगाताईचीच, मुलीकडून येऊन दिलेली. किती दिवस तगादा लावला होता तिनं.

बसमध्ये काकूंचं डोकं तापलं होतं. "हे सगळं माझ्या सुनेचं काम. तिला माझं सामान डोळ्यांत खुपायचं. माझा लेक गाय आहे गाय. ती म्हणेल ती पूर्व दिशा."

"हो का," भोंगाताई म्हणाली.

"तिनंच दिलं असणार परस्पर. आणि पाटी लावली मेल्याची! घरी येऊ दे तिला. चांगली खरडपट्टी काढते."

संग्रहालय म्हणजे कारखान्याचंच जुनं ऑफिस. रंग दिलेला, दारात दोन कुंड्या. तिकिटाच्या खिडकीतला माणूस सुडोकू सोडवत होता. "ज्येष्ठांना अर्धं," तो मान वर न करता म्हणाला. "रविवारी आला असतात तर फुकट होतं."

"आणि मेलेल्यांना किती?" काकूंनी विचारलं.

त्यानं मान वर केली. भोंगाताईनं घाईघाईनं सुटे पैसे सरकवले आणि काकूंना दंडाला धरून आत ओढलं.

पहिल्या दालनात नेहमीची रड. फुटकी मडकी, गंजलेल्या तलवारीचा तुकडा, गावाचा पहिला आगीचा बंब, आणि काचेत ठेवलेली नगराध्यक्षांची खुर्ची. "हिच्यावर बसून एकानं धड काम केलं नाही, आणि खुर्चीला बघा काचेचा महाल," भोंगाताई म्हणाली. भुसा भरलेलं एक घुबड होतं, त्याची पिसं झडली होती. पुढच्या दालनात कारखाना. यंत्रं, फोटो, आणि पेटीत बंद केलेला तो भोंगा. एरवी त्याच्यावरून दोघी अर्धा तास हसल्या असत्या. आज काकू थांबल्याच नाहीत.

तिसऱ्या दालनाच्या तोंडाशी त्यांचे पाय थबकले.

खोली होती. उजवीकडे स्टोव्ह, डावीकडे खाट. खाटेवर त्यांचीच निळ्या पट्ट्यांची चादर, फक्त कधी नव्हे ती इस्त्री केलेली. कान तुटलेली बरणी. भिंतीला टाचण्यांची उशी, तिच्यात सुया खोचलेल्या, जशा खोचून ठेवल्या होत्या तशाच. बसायचं बुटकं स्टूल. आणि मधोमध, नव्या छताला मारलेल्या जुन्या कडीला, उलटी टांगलेली काळी छत्री. सात काड्या शिवलेल्या, आठवीचं कापड लोंबतंय. समोर लाल दोरी आणि 'हात लावू नये'.

शेजारच्या भिंतीवर मोठा फोटो होता. गल्लीचाच, पण त्यात गल्ली नव्हती. विटांचे ढीग, एक पिवळं यंत्र, आणि त्याच्या दातांत कुणाच्यातरी दाराची चौकट. खाली लिहिलं होतं, की कामगारांची ही वस्ती गेल्या वर्षी जमीनदोस्त झाली, आणि तत्पूर्वी एका खोलीतलं सामान जसंच्या तसं जतन करण्यात आलं.

काकूंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांना सगळं एकदम कळलं. सुतार पळाला नव्हता. प्लास्टर ओलं नव्हतं. भिंतच नव्हती, तर प्लास्टर कशाला असेल? वर्षभर त्या रोज झोपताना जिथं चक्कर मारून येत होत्या, तिथं काही नव्हतंच. त्यांनी भोंगाताईचा हात घट्ट धरला.

"तुला माहीत होतं?"

"गल्ली पाडली ते माहीत होतं गं. मला वाटलं, तुलाही माहीत असणार. आज कळलं तुला ठाऊकच नाही ते, तेव्हा माझी जीभ रेटेना."

शेजारी एक नवराबायको उभे होते. बाई छत्रीखालची चिठ्ठी वाचत होती, 'काम अर्ध्यावर टाकून ती गेली.' तिनं डोळ्यांना रुमाल लावला. "बिचारी! शेवटची काडी शिवता शिवताच गेली वाटतं."

"कुठं गेली?" काकू कडाडल्या. "ठेवलीये ती! उद्यासाठी ठेवलीये! आयुष्यात कधी छत्री हातात धरलीये का शिवायला?"

बाई दचकून नवऱ्याच्या मागं गेली. काकूंनी दोरी उचलली, खालून वाकून पलीकडे गेल्या आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या. पहारेकरी धावत आला. "आजी, बाहेर या, आत जायला परवानगी नाही!"

"माझ्या घरात जायला मला कुणाची परवानगी रे?"

"अहो, हे मेलेल्या बाईचं घर आहे!"

"तीच मी," काकू म्हणाल्या. "बोल."

पहारेकरी थेट साहेबबाईंना बोलवायला पळाला. संग्रहालयाच्या साहेबबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या, आणि भोंगाताईनं एका दमात सगळी कहाणी ऐकवल्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पण ते स्वतः आले होते," त्या म्हणाल्या. "अगदी गहिवरून बोलत होते. सामान भंगारात जाऊ नये, आईची आठवण राहावी, म्हणाले. मी विचारलं होतं, मालकीणबाई हयात आहेत का? नाही म्हणाले."

"त्याला बोलायला लावणारी कोण? माझी सून ना?"

"सून नाही. तुमचा मुलगा. एकटेच आले होते."

चादरीवरची इस्त्रीची घडी काकू बोटानं सपाट करत राहिल्या, पण ती काही जाईना.

फोन गेला तसे चिरंजीव धावतपळत आले. घामाघूम, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. दोरीच्या अलीकडे थांबले. आई पलीकडे स्टुलावर.

"आई, आधी बाहेर ये. घरी जाऊन बोलू."

"घरातच बसलेय मी. बोल."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. नवराबायको अजून तिथंच होते, आता जास्तच रस घेऊन. "अख्खी गल्ली पाडायची ठरली होती," तो आवाज खाली ठेवून म्हणाला. "मी एकटा काय अडवणार होतो? तुला सांगणारच होतो. रोज ठरवायचो, उद्या सांगू. तू रोज त्या खोलीचंच बोलायचीस. कसं सांगायचं?"

"तोंडानं सांगायचं. सुतार पळाला ते कसं सांगितलंस?"

"सामान माझ्याकडे मावलं नसतं. इथं बघ, किती छान ठेवलंय. माणसं येऊन बघतात. तुझ्यासाठीच केलं ना मी?"

"आणि मला मारलंस ते? तेही माझ्यासाठीच?"

तो गळ्यातल्या ओळखपत्राशी चाळा करू लागला.

"बायकोला ठाऊक आहे?"

"नाही. तिला सांगितलं असतं तर तिनं तुला सांगितलं असतं."

वर्षभर काकूंनी त्या सुनेच्या भाजीला, बोलण्याला, चालण्याला नावं ठेवली होती. आता ते आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण ती गिळून त्यांनी लेकावरची नजर काही काढली नाही. "मेली का सांगितलंस, ते विचारतेय मी."

"अगं, नियम आहे त्यांचा," तो वैतागून म्हणाला, आणि त्या वैतागात खरं बोलून गेला. "मालक जिवंत असेल तर त्याची संमती लागते. तुला विचारलं असतं तर दिली असतीस?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'नं भोंगाताईसुद्धा जागच्या जागी थिजली. इतकं सरळ विचारलं होतं त्यानं, जणू आईचंच काही चुकलं होतं. काकूंना वाटलं, आता आपण रडणार. लहानपणी ह्याला ताप आला की ह्याच स्टुलावर ह्याला मांडीवर घेऊन, छत्री फिरवत, त्या काड्या शिवायच्या, आणि हा फिरत्या छत्रीकडे बघत झोपी जायचा. पण रडू आलंच नाही.

साहेबबाई पुढं झाल्या. त्यांचेच डोळे भरले होते. "काकू, हे सगळं तुमचं आहे. एक शब्द बोला, आज संध्याकाळी टेम्पोत घालून पोचवते. कुठं पोचवू?"

काकूंनी तोंड उघडलं. खाट, स्टोव्ह, बरणी, स्टूल. कुठं पोचवणार? मशीनशेजारी? त्यांनी तोंड मिटलं. म्हणाल्या, "राहू दे इथंच. जागा आहे इथं."

मग त्यांनी हात लांब करून उशीतली सुई काढली. न बघता, जिथं असते तिथून. दोरा ओवायला तेवढा वेळ लागला, तो भोंगाताईनं दोरीखालून येऊन ओवून दिला. काकूंनी छत्री फिरवली, आठवी काडी समोर आणली आणि लोंबतं कापड ओढून धरलं.

"काकू, नका ना," साहेबबाईंच्या तोंडून निघून गेलं. "तेच तर लोकांना सगळ्यांत जास्त आवडतं."

"काडी ठेवायची ती परत यायचं असेल तर," काकू म्हणाल्या. "आता यायचंय कुठं?"

टोकाला तीन टाके, मधे दोन, एक गाठ. दोरा त्यांनी दातानं तोडला, छत्री कडीवरून उतरवली, मिटली आणि भोंगाताईच्या हातात दिली. "घे. कटकट मिटली तुझी."

भोंगाताईनं छत्री छातीशी धरली, आणि रात्रभराचं फुकट गेलेलं रडणं तिनं तिथं पुन्हा सुरू केलं. "चल," ती हुंदके देत म्हणाली, "माझ्याकडे चल. मुलीचं घर मोठं आहे. काही बोलणार नाही ती. मीच बोलते सगळं."

"आई, काहीतरीच काय!" चिरंजीव म्हणाले. "लोक काय म्हणतील? घरी चल."

काकू दोरीखालून बाहेर आल्या. दाराशी पितळेची ती पाटी होती, चांगली घासूनपुसून लख्ख. साहेबबाई घाईघाईनं म्हणाल्या, "ही पाटी मी आजच्या आज काढायला लावते. माफ करा. फार मोठी चूक झाली."

काकूंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि पाटी सावकाश वाचली, एकेक शब्द.

"काढू नका," त्या म्हणाल्या. "चूक नाहीये त्यात. छत्रीवाली आहे, तुमच्यापुढं उभी आहे, पण तिच्याबद्दल कुठं काय लिहिलंय? ह्याची आई गेली असं लिहिलंय. ते खरं आहे. त्यानंच सांगितलं ना तुम्हाला? आई आहे की गेली हे लेकाला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"आई..." तो म्हणाला.

काकूंनी त्याच्या गळ्यातलं तिरकं झालेलं ओळखपत्र सवयीनं सरळ केलं आणि हात मागं घेतला.

"स्मरणार्थ दिलंयस, तर येत जा मधूनमधून," त्या म्हणाल्या. "रविवारी तिकीट नसतं."